वाचकांचे प्रश्न : एप्रिलच्या माळावरचा मोरडोळ्या

मागच्या अंकात थंडी सरता सरता उडायला लागणाऱ्या पतंगांवर मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, त्यात युरोपातल्या एम्परर मॉथचं नाव ओझरतं येऊन गेलं, आणि त्यावर एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. लीड्सहून, मिलानहून, आरमोरीहून, आणि पुण्याच्या सातवीतल्या एका मुलाकडून. म्हणून काजव्यांचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ठेवतेय आणि सगळी जागा या एका पतंगाला देतेय, त्याची तेवढी लायकी आहेच.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही मूळचे नाशिकचे, चार वर्षांपासून लीड्सला असतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात इल्कली मूरवर फिरायला गेलो होतो, ऊन होतं पण वारा असा बोचरा की जॅकेट काढवत नव्हतं. तिथे एक नारिंगी फुलपाखरू सुसाट वेडंवाकडं उडत होतं, मोबाईल काढेपर्यंत गायब. असे तीन-चार दिसले. मग माझ्या मुलीला हेदरच्या झुडपात एक मोठं राखाडी पाखरू बसलेलं सापडलं, पंखांवर चार डोळे, जवळ गेलो तरी हललं नाही. फोटो पाठवतेय. हे दोन वेगळे प्रकार का? आणि आपल्याकडे हे मिळतात का, कुठपर्यंत मिळतात?

उत्तर : दोन प्रकार नाहीत हो, जोडपं आहे ते. उडत होता तो नर आणि मुलीला सापडली ती मादी. आणि फुलपाखरू नाही, पतंग आहे. इंग्रजीत एम्परर मॉथ म्हणतात, शास्त्रीय नाव सॅटर्निया पॅव्होनिया. नर भर दुपारी उन्हात उडतो, रंग पण भडक, त्यामुळे पहिल्यांदा बघणारा माणूस त्याला फुलपाखरूच समजतो, तुमची काही चूक नाही.

तुमचा फोटो मी मोठा करून किती तरी वेळ बघत बसले. प्रत्येक पंखावर एक डोळा, मध्ये काळं बुबुळ, भोवती पिवळसर कडं, त्या कड्याला एका बाजूने टेकलेली लाल रंगाची बारीक कोर, जशी कुणी कुंकवाच्या बोटाने ओढावी, आणि बाहेरून परत काळी रेघ. पुढच्या पंखाच्या अगदी टोकाला एक लालसर फटकारा, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, तुमच्या मुलीने नेमका तो कोन पकडलाय. पॅव्हो म्हणजे लॅटिनमध्ये मोर, या डोळ्यांवरूनच, जिवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ साली याला पॅव्होनिया केलं. फ्रेंचमध्ये रात्रीचा छोटा मोर, जर्मनमध्येही रात्रीचा छोटा मोरडोळा अशा अर्थाचंच नाव आहे. मोर आपल्याकडचा पक्षी आणि त्याचं नाव लागलं ते आपल्याकडे कधीच न आलेल्या पतंगाला. मी तरी याला मोरडोळ्याच म्हणते, पुढेही तसंच म्हणणार आहे.

ती हलली नाही कारण तिला हलायचं कामच नव्हतं. मादी कोषातून निघते, जवळच्याच काडीवर चढते, पंख सुकवते आणि बसते. दुपार झाली की पोटाचं टोक बाहेर काढून वास सोडायला लागते, तो वास आपल्याला येत नाही पण नराला येतो, आणि तुम्ही ज्याला वेडंवाकडं उडणं म्हणालात ते त्या वासामागे धावणं असतं. वाऱ्यावरचा वास काही दोरीसारखा सरळ येत नाही, तुटक तुटक येतो, मग वास लागला की नर वाऱ्याच्या समोर झेपावतो आणि हरवला की आडवा उजवी-डावीकडे जाऊन परत शोधतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं याला दिशाच नाही.

दोन वर्षांपूर्वी लेकीकडे शेफील्डला होते तेव्हा पीक डिस्ट्रिक्टच्या माळावर मला हे जवळून बघायला मिळालं, मादी आम्हाला दिसली तेव्हा पावणेतीन वाजले होते, आम्ही दोघी वाऱ्याच्या बाजूला चटई टाकून बसलो, आणि अर्ध्या तासात पाच नर आले. पहिला तर माझ्या खांद्यावरून गेला. झुडपापाशी आल्यावर तो खाली उतरून काड्यांमधून तुरूतुरू चालत गेला, पिसांसारख्या मिशा पुढे धरून, आणि तिच्यापर्यंत पोचला. मग बाकीचे चार आजूबाजूला घिरट्या घालून हळूहळू पांगले. जोडी जमली की मादी वास सोडायचं थांबवते.

यांना खायला तोंडच नसतं, म्हणजे सोंड कामाची नसते. अळी असताना जे खाल्लं त्यावरच पंख फुटल्यानंतरचे सगळे दिवस काढायचे, आणि ते दिवस थोडेच असतात. संध्याकाळी अंधारून आलं की मादी पहिल्यांदा नीट उडते, ती अंडी घालायला. काडीभोवती काकणासारखी गोल लावून ठेवते. अळ्या आधी काळ्या आणि एकत्र राहणाऱ्या, मोठ्या झाल्या की हिरव्यागार, अंगाला काळे पट्टे आणि पट्ट्यांवर पिवळे नाहीतर गुलाबी फोड, त्यावर ताठ केस. हातात घेतली तर नजरेत भरेल अशी अळी, पण हेदरमध्ये सोडली की दोन पावलांवरून शोधून दाखवा. उन्हाळा संपत आला की ती कोष विणते आणि आख्खा हिवाळा त्यात काढते.

आता कुठपर्यंत मिळतो ते. पश्चिमेला आयर्लंडच्या दलदलीच्या माळांपासून सुरुवात करा, सगळा ब्रिटन घ्या, वरती ऑर्कनीची बेटंसुद्धा, मग नॉर्वे-स्वीडन-फिनलंडमधून उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे, खाली फ्रान्स, जर्मनी, पोलंड, आणि पूर्वेला रशिया ओलांडून सायबेरियात. मध्य युरोपात दक्षिणेची हद्द साधारण आल्प्सच्या रांगेत येते, तिथे काय होतं ते खाली मिलानच्या पत्रात सांगितलंय. ज्या घराण्यातला हा आहे, सॅटर्निडी, त्या घराण्याचा ब्रिटनमध्ये मूळचा असा हा एकटाच आहे. आणि हेदर म्हणजेच हा पतंग असं समजू नका, ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या, हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न, विलो, बर्च, मेडोस्वीट, एवढं सगळं अळी खाते, त्यामुळे वाळूच्या टेकड्यांवर, पाणथळीत, शेताच्या कुंपणात पण तो भेटतो. लीड्सच्या आसपास हेदरचे माळ मोठे म्हणून तुम्हाला तिथे दिसला.

भारतात नाही. आणि याचं कारण नुसतं अंतर नाही. हा पतंग एवढ्या थंडीत, मार्चच्या शेवटापासून मेपर्यंत, उडू शकतो कारण हिवाळ्याआधीच तो अळीचं सगळं काम संपवून कोषात तयार होऊन बसलेला असतो, आणि त्या कोषाला थंडी लागते. नुसती सहन होते असं नाही, लागतेच. याच घराण्यातला उत्तर अमेरिकेतला एक मोठा पतंग आहे सेक्रोपिया, त्यावर हार्वर्डच्या कॅरोल विल्यम्सने १९४०च्या दशकात फार सुंदर प्रयोग केले. कोष उबदार खोलीत ठेवला तर तो महिनोन्‌महिने तसाच झोपलेला राहायचा, आणि काही आठवडे गारठ्यात ठेवून मग उबेत आणला की पतंग बाहेर. मग त्याने काय केलं, थंडी खाल्लेल्या कोषातला मेंदू काढून थंडी न खाल्लेल्या कोषात बसवला, आणि तो दुसरा कोष जागा झाला. म्हणजे हिवाळा संपल्याचं मेंदूला कळावं लागतं आणि ते कळण्यासाठी आधी हिवाळा यावा लागतो. नाशिकची थंडी आपल्याला कितीही कडाक्याची वाटली तरी ती या कामाला पुरणारी नाही.

म्हणून मोरडोळ्याच्या नकाशाकडे मी झाडांचा नकाशा म्हणून नाही बघत, त्याचा कोष कुठला ऋतू झोपून काढू शकतो त्याचा तो नकाशा आहे. नातेवाईक मात्र आपल्याकडे भरपूर आहेत. हिमालयात सॅटर्निया याच कुळातले सख्खे भाऊबंद आहेत, एकाचं तर नावच सिमल्यावरून सिमला पडलंय. आणि महाराष्ट्रात लांब शेपट्यांचा फिकट हिरवा मून मॉथ, कोकणात पावसाळ्यात कुणाच्या तरी भिंतीवर येऊन बसणारा अ‍ॅटलस मॉथ, आणि टसरचा पतंग, हे सगळे याच घराण्यातले.

प्रश्न : मावशी, मी सातवीत आहे, पुण्याला राहतो. मी वाचलं की एम्परर मॉथला ११ किलोमीटरवरून मादीचा वास येतो आणि हे गिनेसमध्ये पण आहे. माझा मित्र म्हणतो ११ किलोमीटर म्हणजे स्वारगेटपासून पार शहराच्या बाहेर, एवढ्या लांबून वास येणं शक्यच नाही. खरं काय?

उत्तर : बाळा, गिनेसमध्ये तो आकडा आहे हे खरं, पण तुझ्या मित्राची शंका पण एकदम बरोबर जागी आहे. विचार कर, नराला खूण करून मादीपासून लांब नेऊन सोडला आणि तो तिच्यापाशी पोचला, तर त्यावरून एवढंच सिद्ध होतं की तो तेवढं अंतर उडून आला. निघाला त्या क्षणी त्याला वास येत होता का, का तो आधी इकडेतिकडे भटकला आणि शेवटच्या टप्प्यात वास लागला, हे त्यातून कळत नाही. नर तसाही दिवसभर उडतच असतो. वारा सरळ असेल, माळ मोकळा असेल तर बऱ्याच लांबून वास लागतो हे नक्की, पण जिथे सोडला तिथूनच लागला असं म्हणायला तेवढा पुरावा पुरत नाही.

आता हे शोधून कसं काढलं ते ऐक, त्यात जास्त मजा आहे. फ्रान्सच्या दक्षिणेला सेरिन्याँ नावाच्या गावात जाँ-आंरी फाब्र नावाचा एक म्हातारा मास्तर राहायचा, आयुष्यभर किडे बघत बसला. त्याच्याकडे मोरडोळ्याच्या मोठ्या भावाची, म्हणजे सॅटर्निया पायरीची, मादी कोषातून निघाली, हा युरोपातला सगळ्यात मोठा पतंग. त्याने ती जाळीच्या पिंजऱ्यात ठेवली आणि त्या रात्री घरात चाळीसेक नर घुसले, मुलगा ओरडत आला की खोलीत पक्ष्यांएवढे पतंग भरलेत. फाब्रला वाटलं हे नक्की कशाने येतात? त्याने मादी घट्ट बंद डब्यात ठेवली, एकही नर आला नाही. डब्याला फट ठेवली, आले. मग खोलीत डांबराच्या गोळ्यांचा उग्र वास करून ठेवला, म्हणजे मादीचा वास त्यात बुडून जाईल, तरी आले. त्याला स्वतःला हे कोडं पुरतं सुटलं नाही, कारण त्याला तर मादीचा वास जरासुद्धा येत नव्हता. आपल्या मोरडोळ्यावर पण त्याने हाच खेळ केला आणि बघितलं की हे नर रात्री नाही, भर दुपारी येतात.

कोडं सुटलं १९५९ला, जर्मनीत. अडोल्फ बुटेनांट आणि त्याच्या माणसांनी तुतीच्या रेशमाच्या पतंगांच्या जवळपास पाच लाख माद्या घेतल्या, त्यांच्या ग्रंथींमधून तो वासाचा पदार्थ वेगळा काढला आणि त्याला बॉम्बिकॉल नाव दिलं. पाच लाख माद्यांमधून अगदी काही मिलिग्रॅम. म्हणजे एकेका मादीकडे किती कमी असतो बघ आणि नराला तेवढाच पुरतो. फाब्रचा डांबराच्या गोळ्यांचा वास वाया का गेला ते पण इथे कळतं, नराच्या मिशीवरचे केस आपल्या मादीच्या वासासाठीच बनलेले असतात, बाकीच्या वासाने ते भरून जात नाहीत. मोरडोळ्याचा पदार्थ बॉम्बिकॉलपेक्षा वेगळा आहे, आणि आता तोही कारखान्यात बनतो. रबराच्या छोट्या तुकड्याला लावून विकतात, ल्यूर म्हणतात त्याला. ब्रिटनमध्ये लोक एप्रिलच्या दुपारी बागेत तो टांगून ठेवतात आणि आपल्या भागात हा पतंग आहे का ते तपासतात. पूर्वी जिथे कुणी कधी बघितला नव्हता तिथेही असे नर आले, म्हणजे पतंग होताच, नजरेला पडत नव्हता. मित्राला सांग, ११ किलोमीटरच्या आकड्यापेक्षा हे भारी आहे. फक्त ल्यूर थोडा वेळ लावून काढून ठेवायचा असतो, कारण नराकडे दिवसच थोडे, ते रबरामागे घालवून कसं चालेल.

प्रश्न : मी मिलानजवळ राहतो. तुमच्या मागच्या अंकातला उल्लेख वाचून इथल्या एका ओळखीच्या निसर्गप्रेमी काकांना फोटो दाखवला, तर ते म्हणाले आमच्याकडे आहे तो पॅव्होनिया नाही, पॅव्होनिएला आहे. दिसायला तर सेम टू सेम. मग जुन्या पुस्तकांत इटली धरून सगळा युरोप रंगवलेला असतो तो चुकीचा का?

उत्तर : काका बरोबर बोलले. पुस्तकं ज्या वेळी छापली त्या वेळच्या समजुतीने तीही बरोबरच होती, पण आज तो नकाशा तसा काढता येणार नाही.

गोष्ट जुनी आहे. लिनियसनंतर पाचच वर्षांनी, १७६३ला, स्कोपोली नावाच्या डॉक्टरने कार्निओलात, म्हणजे आजच्या स्लोव्हेनियात, मिळालेल्या पतंगाला पॅव्होनिएला नाव दिलं होतं. पुढे कित्येक वर्षं ते नाव बाजूला पडलं, सगळ्यांनी धरलं की हा आपला पॅव्होनियाच, फार तर त्याची दक्षिणेकडची पोटजात. मग लोकांनी दोघांचे जननेंद्रियांचे भाग मायक्रोस्कोपखाली ताडून बघितले, दोघांची जोडी लावून पिल्लं वाढवली, आणि दिसलं की संकरातून आलेल्या माद्यांचा वंश पुढे चालत नाही. नर एकमेकांच्या माद्यांकडे जातात, जोडीही जमते, पण रेघ पुसली जात नाही. तेव्हा दोन वेगळ्या जाती मान्य झाल्या. तुमचा इटली, आल्प्सच्या दक्षिणेचा आणि पूर्वेचा ऑस्ट्रियाचा भाग, हंगेरी, बाल्कन आणि पुढे तुर्कस्तानाकडे पॅव्होनिएला, आल्प्सच्या उत्तरेला पॅव्होनिया. दक्षिण स्पेनमध्ये तर जोसेफिनी नावाचा तिसरा भाऊ आहे. डोळ्यांनी बघून ओळखायचं म्हणाल तर मी तरी फोटोवरून छातीठोक सांगणार नाही, कुठे सापडला हीच पहिली ओळख, म्हणून फोटोसोबत गावाचं नाव लिहून ठेवत जा.

मला यात आवडणारी गोष्ट ही की एवढा मोठा, एवढा रंगीत, अडीचशे वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेला पतंग, आणि तो एक आहे का दोन यावर इतकी वर्षं गेली. मग आपल्या सह्याद्रीतल्या बारक्या करड्या पतंगांमध्ये काय काय दडलेलं असेल.

प्रश्न : पतंगांचे असे नकाशे वर्षानुवर्षं तसेच राहतात का, का आक्रसतात पण? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : आक्रसतात. एकच उदाहरण देते, तेही लवकरच्या वसंतातलंच. केंटिश ग्लोरी नावाचा पतंग आहे, नर तपकिरी-नारिंगी, मोरडोळ्यासारखाच एप्रिलमध्ये उन्हात उडणारा. नावात केंट, म्हणजे इंग्लंडचा अगदी आग्नेय कोपरा. आज तो केंटमध्ये नाही, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सगळ्या इंग्लंडमधूनच गेला, आणि ब्रिटनमध्ये त्याची वस्ती उरली ती स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये. अळीला बर्च लागतं, तेही कोवळं, माणसाच्या उंचीचं, उन्हात उभं असलेलं. पूर्वी जंगलात लाकूड पाळीपाळीने तोडायचे, तोडलेल्या जागी कोवळी रोपं वर यायची, सतत कुठे ना कुठे त्याला घर मिळायचं. ती तोड बंद पडली, झाडं म्हातारी झाली, सावली दाटली. जंगल जागेवरच होतं, पतंग गेला. मोरडोळ्याचं तसं झालं नाही याचं मोठं कारण तो खाण्याच्या बाबतीत अडून बसत नाही, पण त्याच्या जागा पण तुटक होत चालल्यात हे विसरून चालणार नाही.

प्रश्न : ताई, आम्ही आरमोरीचे, आमच्या घरी आजोबांपासून कोसा, म्हणजे टसर, आहे, ऐनाच्या झाडावर अळ्या सोडतो. तुम्ही मागे लिहिलं की तो विलायती पतंग कोशाच्या पतंगाच्या घराण्यातला आहे. मग त्याच्या कोषापासून पण रेशीम काढतात का? आणि तो पण आपल्या कोशासारखा पावसाची वाट बघतो का?

उत्तर : तुमच्या पत्राने मला सगळ्यात जास्त आनंद झाला, कारण हा प्रश्न कोष हातात घेऊन वाढलेल्या माणसालाच पडू शकतो.

आधी दुसरं सांगते. वाट दोघंही बघतात, पण वेगवेगळ्या गोष्टीची. तुमचा बियाण्याचा कोष हिवाळा काढतो, मग विदर्भाचा तो उन्हाळा काढतो, आणि पावसाळा तोंडावर आला, हवेत ओल आली की पतंग निघतात, हे तुम्हाला मी काय सांगणार. त्या वेळी ऐनाला, अर्जुनाला कोवळा पाला असतो. मोरडोळ्या बर्फाचा, गारठ्याचा हिवाळा काढतो आणि ऊन चढायला लागलं की निघतो, म्हणजे अळ्या बाहेर येतील तेव्हा हेदरला नवी पालवी फुटलेली असेल. दोघांचा हिशोब तोच, लेकरांच्या तोंडी कोवळं पान. तुमच्याकडे कोरड्या दिवसांनी दार अडवून धरलेलं असतं, तिकडे थंडीने, म्हणून एक गडचिरोलीत आणि एक यॉर्कशायरमध्ये, आणि जागा बदलून दोघंही जगणार नाहीत.

रेशमाचं विचाराल तर नाही काढत, आणि त्याला कारण आहे त्याच्या कोषाची बांधणी. तुमचा कोसा अंड्यासारखा चारी बाजूंनी बंद, कडक, देठाने फांदीला वळसा घालून टांगलेला. पतंगाला बाहेर यायचं तर तोंडातून रस सोडून एक टोक मऊ करतो आणि धागे सरकवत निघतो, म्हणून पतंग निघालेल्या कोषाचा तार सलग मिळत नाही. मोरडोळ्याच्या अळीने मुळातच दार ठेवलेलं असतं. मी तो कोष हातात घेऊन बघितलाय, खारकेएवढा, तपकिरी, कागदी, एका बाजूला निमुळता, आणि त्या निमुळत्या टोकाला आतून ताठ धाग्यांचे काटे गोलाकार उभे केलेले, सगळ्यांची टोकं बाहेरच्या दिशेने मध्ये जुळलेली. तुमच्याकडे मासे धरायची निमुळत्या तोंडाची टोपली असते, मासा आत जातो आणि काड्यांमुळे परत येऊ शकत नाही, अगदी तसंच पण उलटं. इथे आतला बाहेर येऊ शकतो, नुसतं डोकं लावून ढकललं की काटे बाजूला होतात, आणि बाहेरच्याला आत शिरता येत नाही. मी गवताची काडी बाहेरून घालून बघितली, अडकली. ज्या कोषाचं तोंडच उघडं त्याचा सलग तार निघणार कसा. अर्थात एवढं दार असूनसुद्धा कोषातून कधी कधी पतंगाच्या ऐवजी माश्या नाहीतर गांधीलमाशीच्या जातीचे बारके कीटक निघतात, कारण त्यांनी अंडी आधीच, अळीच्या अंगातच घातलेली असतात. हा त्रास तुम्हाला पण असणारच.

आणि तुमच्या पतंगाच्या पंखावरचा डोळा एकदा उन्हाकडे धरून बघा, मधोमध काचेच्या खिडकीसारखा आरपार असतो. मोरडोळ्याचा रंगांनी भरलेला. घराणं एक पण दागिना वेगळा.

प्रश्न : आम्ही अ‍ॅबरडीनला असतो. ऑक्टोबरमध्ये डोंगरावर तुटून पडलेल्या हेदरच्या फांदीला तसाच एक कोष दिसला म्हणून फांदीसकट घरी आणला, हॉलमध्ये शोकेसवर ठेवलाय. मुलं रोज बघतात, अजून काहीच नाही. मेला असेल का? काय करू?

उत्तर : मेला असेल असं इतक्यात धरू नका, पण हॉलमधून आजच्या आज बाहेर काढा. हीटरच्या उबेत दोन गोष्टी होऊ शकतात, एक तर तो सुकून जाईल, नाहीतर भलत्याच वेळी, बाहेर बर्फ असताना, पतंग निघेल आणि मग ना जोडीदार ना काही. थोडा तरी गारठा त्याला आधी मिळालाय, उरलेला मिळू द्या. बाल्कनीत किंवा शेडमध्ये, थेट ऊन लागणार नाही पण थंडी आणि हवेतली ओल मिळेल अशा जागी, जाळीच्या डब्यात फांदीसकट ठेवा, निमुळतं टोक वर. डब्यात खरबरीत काड्या उभ्या ठेवा कारण पतंग निघाल्यावर त्याला चढून पंख खाली सोडून सुकवावे लागतात, जागा नसली तर पंख कायमचे वाकडे राहतात. उंदरांपासून जपा. अधूनमधून पाण्याचा हलका फवारा मारला तरी पुरे, भिजवू नका.

एप्रिल गेला, मे गेला आणि काहीच निघालं नाही तरी टाकून देऊ नका, यांच्यातले काही कोष एक हिवाळा सोडून दुसऱ्या हिवाळ्यानंतर निघतात. हातात घेऊन बघा, जड लागला तर आत जीव आहे, पोकळ-हलका वाटला तरच आशा सोडा.

नर निघाला तर ऊन आहे अशा दिवशी, जिथून कोष आणला त्याच डोंगरावर सोडून या. मादी निघाली तर जाळीचा डबा तसाच घेऊन दुपारी त्या माळावर जा, वाऱ्यावर ठेवा आणि मुलांना जरा लांब बसवा. बारा ते चारच्या मध्ये कधीही येतील. संध्याकाळी तिला हेदरमध्ये सोडून द्या, अंडी तिची ती घालेल. आणि पहिला नर किती वाजता आला, वारा कुठून होता, हे मुलांना वहीत लिहायला सांगून मला नक्की कळवा, मी वाट बघतेय.